रक्तात उतरणारे धागे

रक्ताच्या एका नळीतून कॅन्सर कळावा, ही इच्छा वडूजसारख्या गावात राहून मला अधिक समजते. गाठीचा तुकडा तपासायचा तर माणसाला सातारा, कराड, नाहीतर थेट मुंबई गाठावी लागते. रक्ताची नळी बर्फाच्या डब्यातून एकटी जाते. या इच्छेला अलीकडे कोलॅजेनच्या संशोधनाने बळ दिले आहे.

कातडी, हाडे, स्नायुबंध यांना धरून ठेवणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याचा रेणू तीन पेडी दोरासारखा वळलेला असतो, हे मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडले.

गाठ वाढताना भोवतालच्या पेशी नवे कोलॅजेन विणतात आणि काही विकरे जुने कातरतात. नवा दोर तयार होताना त्याची टोके छाटली जातात. जुना तुटला की निराळे तुकडे पडतात. दोन्ही रक्तात उतरतात. नेमके कुठे कातरले, ते ओळखणारी प्रतिपिंडे बनवता येतात. त्यामुळे बांधणी किती आणि मोडतोड किती, हे वेगवेगळे मोजता येते. तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनच्या बांधणीचे ‘प्रो-सी३’ हे माप स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये वाढलेले आढळते.

पण हे तुकडे गाठीचे नव्हेत, तिच्या शेजारच्या उलथापालथीचे आहेत. यकृत निबर होऊ लागले तरी ‘प्रो-सी३’ वाढते. संधिवातात आणि मोडलेले हाड जुळतानाही कोलॅजेनचे तुकडे वाढतात. एक काल्पनिक हिशेब करू. दहा हजार माणसांत ५० जणांना कॅन्सर आहे. चाचणी आजारी आणि निरोगी दोघांनाही ९० टक्के अचूक ओळखते. तरी ४५ खऱ्या रुग्णांबरोबर ९९५ निरोगी माणसांच्या हाती धास्तीचा कागद पडेल.

म्हणून चाचणीची खरी परीक्षा एकच: तिने मरण टळते का? ही परीक्षा आपल्या शेजारीच घेतली गेली. टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय यांच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिथे नमुन्यामागोमाग निदान आणि उपचारही पोहोचले होते.

कोलॅजेनच्या मापांनी निरोगी माणसांच्या चाळणीत अशी परीक्षा अजून दिलेली नाही. आजार कसा चालला आहे, हे समजायला ती उपयोगी पडतील, असे मला वाटते. तोवर तोंडातली न भरणारी जखम किंवा स्तनातली गाठ असेल, तर रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणून घरी बसू नये. तालुक्याची एसटी पकडावी.