कर्ज आणि शेजाऱ्याची विहीर

अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता वऱ्हाडच्या काळ्या रानांतून पातूरपर्यंत येतो आणि पातूर मागें पडतांच घाट चढूं लागतो. डोंगराच्या या पायथ्याशीं विहीर खणणाऱ्यास आधीं माती लागते, मग मुरूम, मग भेगाळलेला काळा दगड आणि त्याखालीं अभंग पाषाण. पाणी सांठतें तें मुरमांत आणि दगडाच्या भेगांत. या भेगांना धुऱ्याची ओळख नसते. एका शेतांतील विहीर खोल गेली तर पलीकडच्या शेतांतील विहिरीचें पाणी ओसरूं शकतें. कर्ज देतांना समाजाला व निसर्गाला पोंचणाऱ्या धोक्याचा विचार बँकांनीं कसा करावा, हा प्रश्न अलीकडे मोठमोठ्या परिषदांतून चर्चिला जातो. पण त्याचें मर्म या धुऱ्यावर उभें राहिलें म्हणजे लवकर ध्यानांत येतें.

कल्पना करावी कीं, एका शेतकऱ्यानें विहीर खोल करून पंप बसविण्यासाठीं कर्ज मागितलें. बँकेचा अधिकारी सातबारा पाहतो, मागील बाकी पाहतो, पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज घेतो आणि कर्ज मंजूर करतो. विहिरीला पाणी लागतें, हरभरा पिकतो, हप्ते वेळेवर फिटतात. बँकेच्या वहींत हें कर्ज निर्दोष ठरतें. परंतु पलीकडच्या शेतांत एका विधवेची विहीर असते. पूर्वी चैत्रापर्यंत पुरणारी ती विहीर आतां माघांतच तळ दाखवूं लागते. त्या बाईनें कर्ज घेतलेलें नसतें. म्हणून तिचें नांव वहींत नसतें आणि तिचा तोटाही वहींत नसतो. कर्जाचा लाभ एकास व्हावा आणि त्याची झळ भलत्यासच लागावी, या संभवालाच सामाजिक व पर्यावरणीय जोखीम असें म्हणतात.

ही जोखीम बँकेस शिवत नाहीं, असें मात्र समजूं नये. पहिल्याची विहीर पाहून दुसरा कर्ज काढतो, दुसऱ्याची पाहून तिसरा. प्रत्येक जण आधींच्याहून चार हात खोल जातो. प्रत्येक कर्ज वेगळें तपासलें तर बिनधोक दिसतें; पण सर्वांचें पाणी एकाच भेगांतलें असल्यामुळें पाऊस दडी मारतो त्या वर्षीं सर्वांच्या विहिरी एकदम आटतात आणि सर्वांचे हप्ते एकदम थकतात. शेजारणीच्या विहिरीकडे केलेलें दुर्लक्ष असें फिरून बँकेच्याच दारीं येतें.

झळ लागणाऱ्यास आधीं विचारावें, ही कल्पना नवी नाहीं. विहिरी, बांध इत्यादि कामांसाठीं सरकारनें तगाई द्यावी म्हणून १८८३ मध्यें जमीनसुधारणा कर्जाचा कायदा झाला. त्यांत अशी तरतूद होती कीं, कर्जाचा अर्ज आल्यावर अधिकाऱ्यास आवश्यक वाटल्यास त्यानें जाहीर नोटीस काढावी, ज्यांची हरकत असेल त्यांस ठराविक दिवशीं बोलवावें, आणि प्रत्येक हरकतीचा विचार करून लेखी हुकूम द्यावा. हरकतीचा अधिकार मात्र नोटीस निघाली तरच हातीं येई, आणि ती काढणें न काढणें हें अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतें.

पुढें १९६३ मध्यें कृषि पुनर्वित्त महामंडळ स्थापन झालें आणि १९८२ मध्यें त्याचें कार्य नाबार्डकडे आलें. विहिरींच्या कर्जांना पैसा पुरवितांना या संस्थांनीं दोन नियम लावले : दोन विहिरींमध्यें किमान अंतर असावें, आणि ज्या भागांत उपसा भरणाहून अधिक झाला असेल तेथें नव्या विहिरीस हात आंखडता घ्यावा. महाराष्ट्राच्या १९९३ च्या कायद्यानेंही सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आंत परवानगीवांचून विहीर खणण्यास मनाई केली. हे नियम उत्तम; पण बँकेचा नियम बँकेच्या पैशाच्या बाहेर चालत नाहीं. बँकेनें नाकारलेला शेतकरी सावकाराकडे जातो, किंवा दागिने मोडून बोअर पाडतो. बँकेची वही स्वच्छ राहते. शेजारणीची विहीर आटावयाची ती आटतेच.

हेंच दुखणें फार मोठ्या प्रमाणावर नर्मदेच्या खोऱ्यांत दिसून आलें. सरदार सरोवराच्या कामासाठीं जागतिक बँकेनें १९८५ मध्यें ४५ कोटि डॉलरचें कर्ज मंजूर केलें. बुडणाऱ्या गांवांत महाराष्ट्रांतील, आज नंदुरबार जिल्ह्यांत असलेलीं, ३३ आदिवासी गांवें होतीं. लोकांच्या आंदोलनानंतर १९९१ मध्यें बँकेनें ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालीं स्वतंत्र चौकशी नेमली. १९९२ च्या अहवालानें पुनर्वसनाचा व पर्यावरणाचा अभ्यास अपुरा असल्याचें दाखवून दिलें. मार्च १९९३ मध्यें भारत सरकारनें कर्जाचा उरलेला भाग घेण्याचें सोडून दिलें. त्याच वर्षीं, बाधित लोकांस थेट तक्रार करतां यावी म्हणून, बँकेनें तपासणी मंडळ स्थापन केलें. धरण मात्र थांबलें नाहीं. २०१७ मध्यें त्याचें लोकार्पण झालें. कर्ज मंजूर झाल्यावर सहा वर्षांनीं विचारलेला प्रश्न बँकेस शहाणपण देऊन गेला. बुडालेल्या घरांस त्याचा उपयोग झाला नाहीं.

या अनुभवांतून आजची पद्धति घडली. २००३ मध्यें कांहीं मोठ्या खासगी बँकांनीं इक्वेटर तत्त्वें स्वीकारलीं. ऑक्टोबर २०१८ पासून जागतिक बँकेनें दहा मानकांची नवी चौकट लागू केली. तिचा सारांश अवघड नाहीं. प्रथम कामाची वर्गवारी करावयाची, म्हणजे धोका भारी कीं हलका तें ठरवावयाचें. मग धोका टाळतां येतो काय तें पहावयाचें. टळत नसेल तर कमी करावयाचा. उरेल त्याची भरपाई द्यावयाची. क्रम हाच. भरपाईपासून आरंभ करणें म्हणजे घर जाळून कोळशाचे पैसे देणें होय. जें ठरलें तें करारांत अट म्हणून लिहावयाचें, आणि तक्रारीचें दार काम संपेपर्यंत उघडें ठेवावयाचें.

कर्जाइतकीच खरेदीचीही गोष्ट आहे. सर्वांत कमी दराचें टेंडर स्वीकारलें म्हणजे जनतेचा पैसा वांचला, असें मानण्याचा प्रघात आहे. पण खडीचा दर कमी कां, याचें उत्तर पुष्कळदां धूळ न दाबणाऱ्या खाणींत किंवा मजुराच्या कापलेल्या रोजांत सांपडतें. युगांडांत एका रस्त्याच्या कामावर आलेल्या मजुरांनीं तेथील अल्पवयीन मुलींवर अत्याचार केल्याचें उघडकीस आल्यावर जागतिक बँकेनें डिसेंबर २०१५ मध्यें त्या कामाचें कर्ज रद्द केलें. २०२१ पासून तिनें असा नियम केला कीं, मोठ्या कामांवर असे अत्याचार रोखण्याचें कर्तव्य जो ठेकेदार पाळणार नाहीं, त्यास बँकेच्या पैशाचें नवें काम दोन वर्षें मिळूं नये. स्वस्त दराची खरी किंमत कोण भरतो, हें विचारणें हा खरेदीचाच भाग आहे.

वऱ्हाडांत याची परीक्षा नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पानें झाली. २०१८ मध्यें जागतिक बँकेनें त्यास ४२ कोटि डॉलरचें कर्ज मंजूर केलें. १५ जिल्ह्यांतील सुमारें पांच हजार गांवें त्यांत होतीं आणि अकोला व अमरावती हे जिल्हेही होते. येथें मुंबईच्या आय. आय. टी.च्या साह्यानें गांवाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आणली गेली : पाऊस किती, मुरतो किती, पिकें पितात किती. कामें निवडण्यास गांवाची समिति होती. यामुळें एकट्याच्या विहिरीचा हिशेब सर्व गांवापुढें येऊं शकला. तरी दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. आधीं स्वतःचा पैसा घालून काम करावें आणि मग अनुदान खात्यांत यावें, अशी रीत असल्यानें ज्याच्या गांठीस पैसा नाहीं तो मागें राहण्याचा संभव होता. आणि पावसाचें वाहतें पाणी धरणारें शेततळें निराळें, व विहिरीचें पाणी उपसून कागद अंथरलेल्या खड्ड्यांत उन्हानें उडावयास ठेवणारें शेततळें निराळें. नांव एक, अनुदानाचा अर्ज एक. परंतु पहिल्यानें शेजाऱ्याचें भलें होतें, दुसऱ्यानें त्याची विहीर आटते. हा भेद कागदावरून कळत नाहीं. उन्हाळ्यांत शेतावर जाऊन पहावें लागतें.

म्हणून केवळ नकार देणें म्हणजे जोखीम सांभाळणें नव्हे. नाकारलेल्या शेतकऱ्यास तुषार सिंचन, कमी पाण्याचें पीक किंवा दोघांत मिळून एक विहीर अशी दुसरी वाट कर्जानेंच दाखविली, तर तो सावकाराकडे जात नाहीं आणि भेगांतलें पाणीही उरतें. मात्र या साऱ्याचा आरंभ एका साध्या गोष्टीपासून आहे. कर्ज मंजूर होण्यापूर्वी त्याची नोटीस गांवांत लागली पाहिजे, ती सर्वांस वाचून दाखविली पाहिजे, आणि धुऱ्यापलीकडच्या त्या बाईस, तिचें नांव वहींत नसलें तरी, तुमच्या विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतें, असें कोणीतरी जाऊन विचारलें पाहिजे.