मिझोरामचं बंड आणि फुटीरतेबद्दलचे गैरसमज

देशाच्या एखाद्या कोपऱ्यातून ‘आम्हाला वेगळं व्हायचंय’ असा आवाज उठला की आपल्याकडे एक उत्तर तयार असतं : परकी हात. मिझोरामच्या बाबतीत हा हात खरोखरच होता. मिझो नॅशनल फ्रंटला पूर्व पाकिस्तानातून शस्त्रं मिळाली, चितगावच्या डोंगरांत तळ मिळाले. पण बंडाचं मूळ तिथे नव्हतं.

मिझो टेकड्यांतला एका जातीचा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो. त्याच्या फळांवर उंदरांची बेसुमार पैदास होते आणि फळं संपली की ते उभ्या पिकावर आणि साठवलेल्या धान्यावर तुटून पडतात. लोकांना हे चक्र पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. मिझो टेकड्या तेव्हा आसामात होत्या. म्हणूनच १९५८ मध्ये तिथल्या स्वायत्त जिल्हा परिषदेने आसाम सरकारला दुष्काळाची आगाऊ कल्पना दिली आणि तयारीसाठी १५ लाख रुपये मागितले. ही आदिवासींची अंधश्रद्धा आहे, असं समजून ती मागणी बाजूला सारली गेली. वर्षभरात दुष्काळ आलाच. उपाशी गावांपर्यंत धान्य पोचवायला मिझो तरुणांनी मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट ही संघटना चालवली. त्याच सुमारास, १९६० मध्ये, आसामने आसामी ही राजभाषा केली आणि दुरावा वाढला. १९६१ मध्ये संघटनेच्या नावातला ‘फॅमिन’ गेला आणि राजकीय पक्ष उभा राहिला. पाकिस्तानशी संधान जुळलं ते त्यानंतर. पक्षाचे नेते लालडेंगा एके काळी भारतीय सैन्यात हवालदार होते, हेही लक्षात घ्यावं.

१ मार्च १९६६ रोजी फ्रंटने स्वातंत्र्य जाहीर केलं. सशस्त्र उठावाला सरकारने तोंड देणं भागच होतं. पण ५ मार्चला हवाई दलाने ऐझॉलवर हल्ला केला आणि पुढच्या वर्षापासून गावंच्या गावं उठवून लष्करी पहाऱ्यातल्या वसाहतींत कोंबली. बंडाशी काही संबंध नसलेल्या माणसांची घरंदारं यात गेली. बळाने प्रश्न मिटतो म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं : हे बंड २० वर्षं चाललं.

ते मिटलं ३० जून १९८६ च्या कराराने. काँग्रेसचे लालथनहावला यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं आणि तिथे लालडेंगा बसले. १९८७ मध्ये मिझोराम राज्य झालं. जमीन आणि रूढी-कायद्यांना कलम ३७१ जीचं संरक्षण मिळालं. ‘एक मागणी मान्य केली की दुसरी उभी राहते’ ही भीती इथे खोटी ठरली. २००६ च्या सुमारास बांबू पुन्हा फुलला, उंदीर पुन्हा माजले. बंड मात्र झालं नाही.

उलट उदाहरण श्रीलंकेचं. तमिळ नेत्यांनी आधी मागितली होती ती देशांतर्गत स्वायत्तता. १९५७ मध्ये पंतप्रधान बंदरनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी तसा करारही केला. बौद्ध भिक्खूंच्या विरोधापुढे वर्षभरात तो मोडला. ईलमचा, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्राचा, ठराव त्यानंतर तब्बल १८ वर्षांनी, १९७६ मध्ये आला.

गरिबीचं कारणही सरसकट लावता येत नाही. कॅटलोनिया हा स्पेनच्या सधन प्रदेशांपैकी एक आहे. तिथला राग आपल्या करातला फार मोठा वाटा माद्रिदकडे जातो याचा आहे, आणि लोकांनी कौल दिलेल्या स्वायत्ततेच्या कायद्यातली कलमं २०१० मध्ये न्यायालयाने रद्द केली याचाही.

आणखी एक गल्लत आपल्या घरातली. वेगळं राज्य मागणं म्हणजे फुटीरता नव्हे. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात नव्या राज्याची तरतूदच आहे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ याच चौकटीत लढली गेली, आणि वेगळ्या विदर्भाची मागणीही याच चौकटीत आहे. ती पटो वा न पटो, मागणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याआधी त्याने नेमकं काय मागितलंय ते वाचा, आणि त्याला आजवर काय उत्तर मिळालं तेही.