पाडलं किती आणि पाडून केलं काय?

क्रिकेटची सरासरी कशी वाचायची हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. दहा डावांत सहा वेळा नाबाद राहिलेल्याची सरासरी फुगलेली असते, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. मिश्र मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे एमएमएच्या लढतींची कोष्टकं मात्र जाणते प्रेक्षकही भाबडेपणाने वाचतात. त्यांतला सर्वांत फसवा रकाना टेकडाउनचा, असं माझं मत आहे.

टेकडाउन म्हणजे उभ्या प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आणणं. आपल्या तालमीतला एकेरी पट, दुहेरी पट इथेही निघतो. फरक पुढे पडतो. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. इथे पाठ टेकल्यावरही लढत चालू राहते आणि खालचा मल्ल तिथूनच वरच्याचा गळा आवळू शकतो. पाडणं ही इथे फक्त सुरुवात असते, पण कोष्टक ती पुरं झालेलं काम म्हणून नोंदवतं.

दागेस्तानच्या हबीब नुरमागोमेदोवने मे २०१३ मध्ये एबल ट्रुहियोला २७ प्रयत्नांत २१ वेळा खाली आणलं. यूएफसीतला तो विक्रम ठरला. वर्चस्व निर्विवादच होतं. पण पंधरा मिनिटांत एकवीस वेळा पडायचं, तर मधल्या काळात वीस वेळा उठावंही लागतं! एकदाच पाडून तिथेच लढत संपवणाऱ्याच्या नावावर या रकान्यात फक्त १ लागतो. याच हबीबने त्याआधी जुलै २०१२ मध्ये ग्लेसन टिबाऊविरुद्ध १३ प्रयत्न केले. एकही साधला नाही, तरी पंचांनी विजय त्यालाच दिला.

जॉर्जियाचा मेराब द्वालिश्विली तर या रकान्याची चेष्टाच करतो. ऑगस्ट २०२२ मध्ये ब्राझीलच्या जोझे आल्डोविरुद्ध त्याचे सोळाच्या सोळा प्रयत्न फसले आणि तो जिंकला. म्हणजे त्या रात्री आल्डोचा बचाव शंभर टक्के होता, कारकिर्दीची टक्केवारी सुधारली, आणि पदरी हार आली. मार्च २०२३ मध्ये प्योत्र यानविरुद्ध मेराबने ४९ वेळा प्रयत्न केले, साधले ११. यशाचं प्रमाण जेमतेम २२ टक्के. तिन्ही पंचांनी मात्र पाचही फेऱ्या मेराबला दिल्या, ५०-४५. मला त्या फसलेल्या ३८ प्रयत्नांत जास्त रस आहे. दर वेळी यानला ठोशासाठी रोवलेले पाय उचलावे लागतात, हात खाली आणावे लागतात, दम खर्च होतो. यशाची टक्केवारी या सगळ्याला अपयश म्हणते.

बचावाच्या टक्केवारीत आणखी एक मेख आहे: समोर कोण होतं? ज्याच्या वाट्याला सगळे ठोसेबाज आले, त्याचे नव्वद टक्के आणि ज्याने कुस्तीगीरच झेलले, त्याचे सत्तर टक्के एका तराजूत कसे घालायचे? शिवाय प्रयत्न कशाला म्हणायचं, हे नोंद करणाऱ्याच्या नजरेवर असतं. हूल देण्यासाठी वाकलेला माणूस आणि खरोखर पटात शिरलेला माणूस यांत रेघ ओढणं सोपं नाही. दर पंधरा मिनिटांची सरासरीही अशीच. दोन मिनिटांत एकदा पाडून जिंकलात, की त्या लढतीपुरती ती साडेसात होते.

हा वाद निव्वळ हिशेबाचा नाही. अनेक करारांत लढण्याचे पैसे वेगळे आणि जिंकण्याचे वेगळे असतात, त्यामुळे पंचांच्या एका फेरीवर मल्लाची बरीच कमाई अवलंबून असते. सुधारित नियमावली पंचांना बजावते की टेकडाउन म्हणजे नुसता स्थितीतला बदल नव्हे, त्यातून हल्ला उभा राहिला पाहिजे. फेरीच्या शेवटच्या दहा सेकंदांत पाडून वर बसलेल्याला प्रेक्षक टाळ्या देतात. नियमाप्रमाणे त्याला फारसं काही मिळायला नको.

म्हणून मी टेकडाउनचा आकडा कधीच एकटा वाचत नाही. आधी फेरीनिहाय फोड पाहतो, मग जमिनीवर बसलेले ठोसे, गळा किंवा सांधा आवळण्याचे प्रयत्न, आणि शेवटी ताब्याचा वेळ. हा वेळही जपून वाचावा लागतो, कारण प्रतिस्पर्ध्याला उभ्यानेच जाळीला रेटून धरलेली मिनिटंही त्यात मोडतात. आल्डोवरचा तो विजय समजून घ्यायचा, तर सुरुवात याच रकान्यापासून करावी लागते.