गर्डरवरचा वेल्ड कुठे थांबवायचा?

लोहमार्गांवरच्या पुलांचे जुने पोलादी गर्डर रिव्हेट मारून जोडलेले असत. आता प्लेट गर्डर वेल्डिंगने जोडतात. मध्य रेल्वेच्या मनमाडच्या कारखान्यात पुलांचे गर्डर तयार होतात. फिलेट वेल्ड किती मिलिमीटरचा, हे सगळेच विचारतात. तो कुठे संपतो, हा प्रश्नही तितक्याच काळजीने विचारायला हवा.

भेग टोकालाच का पडते?

खिसा फाटतो तो शिलाई संपते त्या कोपऱ्यातून. वेल्डचेही तसेच आहे. टोकाशी खड्डा (क्रेटर) किंवा कडेची खाच (अंडरकट) राहते, ताण तिथे एकवटतो. शिवाय वेल्ड थंड होताना आकसतो आणि आजूबाजूचे पोलाद आधीच ताणलेले राहते. त्यावर प्रत्येक गाडीसरशी ताण चढतो, उतरतो आणि लाखो फेऱ्यांनंतर बारीक भेग सुरू होते. हाच पोलादाचा थकवा (फटीग). जास्त ताकदीचे पोलाद वापरून हे टळत नाही. टोकाची जागा आणि घडण सुधारावी लागते.

स्टिफनरचे खालचे टोक

साध्या टेकूंवरच्या गर्डरमध्ये खालचा फ्लँज (आडवी प्लेट) ताणात असतो. वेबला (उभ्या प्लेटला) आधार देणाऱ्या मधल्या स्टिफनरचा वेल्ड तिथपर्यंत न नेता वर थांबवतात. अमेरिकी पूलसंहितेनुसार वेब–फ्लँज वेल्डपासून हे अंतर वेबच्या जाडीच्या चौपट ते सहापट असावे. म्हणजे 12 मिमी वेबसाठी 48 ते 72 मिमी. अंतर कमी ठेवले तर वेबचा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाकून चिरतो. मात्र ज्या स्टिफनरला क्रॉस फ्रेम जोडलेली असते, तो दोन्ही फ्लँजना पक्का जोडावा.

कव्हर प्लेटचा शेवट

मेलबर्नचा किंग्ज ब्रिज 1961 साली खुला झाला. 10 जुलै 1962 रोजी सुमारे 45 टनांचे वाहन जाताना त्याचा एक गाळा खचला. खालच्या फ्लँजवरच्या कव्हर प्लेटच्या (फ्लँजवर जोडलेल्या जादा प्लेटच्या) टोकाशी आडवा फिलेट वेल्ड होता, भेगा तिथून सुटल्या होत्या. पोलाद ठिसूळ होते आणि काही भेगा तर कारखान्यातच पडलेल्या होत्या. म्हणून कव्हर प्लेट लागलीच, तर ती ताण बराच उतरलेल्या भागापर्यंत न्यावी. त्याहून चांगले म्हणजे फ्लँजच जाड घ्यावा.

वेल्ड एकमेकांना भिडू नयेत

स्टिफनर फ्लँजपर्यंत न्यायचाच असेल, तर त्याचा आतला कोपरा कापतात, म्हणजे वेब–फ्लँज वेल्ड अखंड जातो. कापलेल्या कडेच्या थोडे अलीकडे वेल्ड थांबवावा. कडेवरून वळवून घेतला की कड वितळून खाच पडते. डिसेंबर 2000 मध्ये मिलवॉकीच्या होआन ब्रिजचे गर्डर तडकले, ते पट्ट्या आणि वेल्ड दाटीने एकत्र आलेल्या जागीच.

लांब वेल्डची दोन टोके

वेब–फ्लँजचा लांब वेल्ड गर्डरच्या बाहेर जोडलेल्या रन-ऑन पट्टीवर सुरू करून रन-ऑफ पट्टीवर संपवतात. सदोष सुरुवात आणि क्रेटर त्या पट्ट्यांवरच राहतात. नंतर त्या गॅसने कापून कड ग्राइंडरने घासतात. हातोड्याने तोडू नयेत.

मागाहून मारलेला टाका

पाइप किंवा केबलसाठी खालच्या फ्लँजवर साइटवरच ब्रॅकेट वेल्ड करणे सर्वात घातक. ताणाच्या दिशेने 100 मिमीहून लांब पट्टी जोडली, तर थकव्याच्या हिशेबात ती जागा अगदी खालच्या वर्गात जाते. काम हलके दिसते, पण पुलाचे आयुष्य त्याच जागी घटते. बोल्टचा क्लॅम्प वापरावा.

तपासणी

पावसाळ्यानंतरच्या तपासणीत वेल्डच्या टोकांकडे आधी पाहावे. रंगावर तपकिरी गंजाची बारीक रेघ दिसली, तर रंग काढून भिंगाने पाहावे आणि डाय पेनिट्रंट चाचणी करावी. वरून पुन्हा वेल्ड मारून भेग झाकू नये, अभियंत्याला कळवावे.

ड्रॉइंगवर वेल्डच्या मापाशेजारी त्याचे टोकही मिलिमीटरमध्ये लिहावे. वेल्डरच्या अंदाजावर ते सोडणे पुलावरून जाणाऱ्यांना आणि त्या वेल्डरलाही अन्यायाचे आहे.