दुखापतीनंतरचे पुनरागमन आणि ऑफ-रोड ट्रायथलॉन : सराव व स्पर्धा यांतील भेद

प्रस्तावना :

काही वर्षांपूर्वी संघ व्यवस्थापक या नात्याने प्रस्तुत लेखकाने एका विद्यार्थ्याच्या क्रॉसकंट्री स्पर्धेच्या प्रवेश-अर्जावर स्वाक्षरी केली होती. त्याचा घोटा मुरगळून तीन आठवडे झाले होते, सूज उतरली होती आणि "सर, आता काहीच दुखत नाही," असे तो सांगत होता. स्पर्धेच्या दुसऱ्याच किलोमीटरला, उतारावर, तोच घोटा पुन्हा मुरगळला आणि त्याचा उर्वरित हंगाम वाया गेला. विद्यार्थी खोटे बोलला नव्हता. "दुखते का?" एवढाच प्रश्न विचारून स्वाक्षरी करणे ही शिक्षकाची चूक होती. दुखापतीतून बरा होत असलेला खेळाडू केव्हा सराव करू शकतो आणि केव्हा स्पर्धेत उतरू शकतो, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. हा भेद ऑफ-रोड ट्रायथलॉन या क्रीडाप्रकाराच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

क्रीडाप्रकाराचे स्वरूप :

पोहणे, सायकल चालवणे व धावणे हे तीन प्रकार न थांबता एकापाठोपाठ एक पूर्ण करण्याच्या स्पर्धेस ट्रायथलॉन म्हणतात. या खेळाचा प्रारंभ १९७४ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे झाला व २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्यास स्थान मिळाले. ऑफ-रोड ट्रायथलॉनमध्ये डांबरी रस्त्याऐवजी माउंटन बाइकने डोंगरवाट कापावी लागते आणि धावणेही पायवाटेवरून होते. १९९६ मध्ये हवाई बेटांतील माउई येथे सुरू झालेल्या एक्स्टेरा स्पर्धेने हा प्रकार जगभर पोहोचवला. तिच्या पूर्ण अंतरात सामान्यतः सुमारे १.५ किलोमीटर पोहणे, ३० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धावणे यांचा समावेश असतो.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरातील वाचकांस या वाटांची कल्पना सहज करता येईल. गोगाबाबा टेकडी, सातारा डोंगर किंवा म्हैसमाळकडील चढउतार येथे काळा कातळ, सुटा मुरूम आणि पावसाने उघडे पडलेले दगड एकाच वाटेवर आढळतात. अशा जमिनीवर प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडते. दुखापतग्रस्त घोट्याची वा गुडघ्याची खरी परीक्षा तेथेच होते.

दुखापत बरी होण्याची प्रक्रिया :

अस्थिबंधास इजा झाल्यानंतर पहिले काही दिवस दाहाचे असतात. त्यानंतरच्या काही आठवड्यांत नवी ऊती तयार होते. परंतु तिचे तंतू विस्कळीत व कमकुवत असतात. तिसऱ्या टप्प्यात हे तंतू ताणाच्या दिशेने रचले जाऊन बळकट होतात व या टप्प्यास अनेक महिने लागू शकतात. वेदना मात्र बहुधा दुसऱ्या टप्प्यातच ओसरते. म्हणजेच वेदना थांबणे आणि ऊती सक्षम होणे यांमध्ये मोठे अंतर असते.

याशिवाय आणखी एक हानी होते, जी डोळ्यांना दिसत नाही. सांधा कोणत्या स्थितीत आहे याची सूचना मेंदूला देणारी संवेदना, ज्यास स्थितीभान म्हणता येईल, दुखापतीनंतर मंदावते. सपाट मैदानावर ही उणीव लपून राहते. पण सुट्या दगडावर पाय पडताच स्नायूंनी क्षणार्धात द्यावयाचा प्रतिसाद उशिरा मिळतो व सांधा पुन्हा मुरगळतो.

संपूर्ण विश्रांती हा यावरील उपाय नव्हे. तंतूंची योग्य रचना होण्यासाठी मोजका ताण आवश्यकच असतो. म्हणूनच आधुनिक पुनर्वसनात प्रारंभीच्या संरक्षणानंतर वैद्यकीय सल्ल्याने क्रमशः भार वाढवण्यावर भर दिला जातो.

सरावातील मोकळीक :

या दृष्टीने ट्रायथलॉनचा खेळाडू काहीसा भाग्यवान ठरतो. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट आघात पायावर येतो. पोहताना हा आघात नसतो आणि स्थिर सायकलवर तो नगण्य असतो. घोटा दुखावलेला खेळाडू मांड्यांमध्ये तरंगता ठोकळा धरून केवळ हातांनी पोहू शकतो. खांदा दुखावलेला खेळाडू स्थिर सायकल चालवू शकतो. गुडघ्याच्या आतील बाजूस इजा असल्यास बेडूक पद्धतीची लाथ टाळून पोहता येते. अशा रीतीने हृदय व फुप्फुसांची क्षमता टिकवत दुखरा अवयव सांभाळता येतो.

या तत्त्वाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर. सैन्यात असताना ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. पूर्वीचाच खेळ हट्टाने धरून न ठेवता शरीराला जे शक्य होते त्यातून त्यांनी नवी वाट काढली, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

स्पर्धेतील सक्ती :

सरावात असलेली ही निवड स्पर्धेच्या दिवशी संपुष्टात येते. तेथे तिन्ही प्रकार, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वाटेवर करावेच लागतात. डोंगरवाटेवर सायकलचा तोल जाताच पाय झटकन जमिनीवर टेकावा लागतो. पेडलला जोडलेला बूट सोडवताना टाच बाहेर वळवावी लागते व त्याचा पीळ घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जाणवतो. त्यानंतर धावणे येते ते पाय थकलेले असताना. थकव्यामुळे स्थितीभान आणखी मंदावते. त्यामुळे ताज्या पायांवर घेतलेली चाचणी येथे अपुरी ठरते.

यासंदर्भात स्कॉटलंडच्या लेस्ली पॅटरसन यांचे उदाहरण नेहमी सांगितले जाते. एक्स्टेराच्या या विश्वविजेत्या खेळाडूचा कोस्टा रिका येथील स्पर्धेच्या आदल्या दिवशी खांदा मोडला. तरीही त्या एका हाताने पोहल्या, मागून पुढे आल्या आणि जिंकल्या. एका कादंबरीवर चित्रपट करण्याचे हक्क टिकवण्यासाठी त्यांना त्या बक्षिसाच्या रकमेची निकड होती. हे धैर्य निःसंशय असामान्य आहे. परंतु तो एका अनुभवी व्यावसायिक खेळाडूने स्वतःपुरता पत्करलेला धोका होता. त्याचा आदर्श विद्यार्थ्यांपुढे ठेवणे योग्य नाही.

याउलट मराठवाड्याचे भूषण असलेला बीड जिल्ह्यातील धावपटू अविनाश साबळे याचे उदाहरण अधिक मार्गदर्शक आहे. २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या साबळेस जुलै २०२५ मध्ये मोनाको येथे शर्यतीत गुडघ्याची गंभीर दुखापत झाली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्याच वर्षीच्या टोकियो जागतिक स्पर्धेस त्याला मुकावे लागले. अशा दुखापतीत प्रतीक्षेचे मूल्य किती असते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसते. गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके लांबवले, तितका प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा दर सुमारे ५१ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले.

निर्णयाचे निकष :

२०१६ च्या आंतरराष्ट्रीय सहमती-निवेदनात पुनरागमनाच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत : मर्यादित सहभाग, आपल्या खेळात परतणे आणि पूर्वीच्या दर्जाची कामगिरी करणे. महाविद्यालयीन पातळीवर स्वाक्षरीपूर्वी शिक्षकाने पुढील बाबी पाहाव्यात. डोळे मिटून दुखऱ्या पायावर तोल सांभाळता येतो का? एका पायाने मारलेल्या उडीचे अंतर निरोगी पायाच्या किमान ९० टक्के आहे का? सायकल चालवून थकल्यानंतर लगेच खडबडीत वाटेवर थोडे अंतर धावता येते का? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वा वेदना नाही ना? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल असल्यास स्पर्धा टाळावी. या चाचण्या वैद्यकीय तपासणीस पर्याय नसून तिला पूरक आहेत.

नकार देतानाही विद्यार्थ्यास खेळाबाहेर काढण्याची गरज नसते. अनेक ट्रायथलॉन स्पर्धांत तिघांच्या रिले संघास परवानगी असते व प्रत्येकाने एकच प्रकार करावयाचा असतो. घोटा पूर्ण सावरला नसला तरी पोहण्याची वैद्यकीय मुभा मिळालेला विद्यार्थी तेथे पोहण्याचा भाग स्वीकारू शकतो.

समारोप :

ट्रायथलॉन सरावात दुखऱ्या अवयवास वगळण्याची मुभा देते व स्पर्धेत ती काढून घेते. म्हणूनच "सराव चालू आहे" हे स्पर्धेस पात्र असल्याचे प्रमाण मानता येत नाही. आपल्या महाविद्यालयांत प्रवेश-अर्जाची मुदत हंगामानुसार ठरते. ऊतींची भरपाई मात्र त्या वेळापत्रकाप्रमाणे होत नाही. या दोहोंतील अंतर ओळखण्याची जबाबदारी अर्जावर स्वाक्षरी करणाऱ्या शिक्षकाची आहे. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा एक हंगाम हुकला तर तो भरून काढता येतो. वारंवार मुरगळलेला सांधा मात्र त्याला पुढे अनेक वर्षे त्रास देऊ शकतो.