जोडाक्षर फुटतं तेव्हा

नांदेड-लातूरकडे फोटोशॉप शिकवताना मराठी मजकूर आला, की गाडी अडते. जुन्या आवृत्तीत युनिकोडमध्ये ‘विद्यार्थी’ टाइप केलं, की जोडाक्षर फुटतं, रफार-वेलांटी भलतीकडे जातात. प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’मध्ये दक्षिण आशियाई मजकुराचा पर्याय निवडून नवी फाइल उघडली, की शब्द जुळतो. हे पहिल्याच तासाला शिकवायला हवं.

फ्लेक्सच्या दुकानातली अडचण अधिक चिवट. लग्नपत्रिकांच्या जुन्या कोरलड्रॉ फायली श्री-लिपीसारख्या फॉन्टमधल्या. तो फॉन्ट नसला, की मजकूर वाचताच येत नाही. म्हणून छपाईआधी अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, करतात. मग नावातली चूक टाइप करून सुधारत नाही. मूळ फाइल वेगळी ठेवावीच.

फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीचं सॉफ्टवेअर २०१३मध्ये वर्गणीवर गेलं. पण घरच्या सरावाला इंकस्केप हे सॉफ्टवेअर आणि ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ फॉन्ट मोफत मिळतात.