सायक्लोप्स म्हणजे हत्तीची कवटी?

ग्रीक पुराणातला एकडोळ्या राक्षस सायक्लोप्स हत्तीच्या कवटीवरून जन्मला, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात हा तर्क आहे. ऑस्ट्रियाचे जीवाश्मशास्त्रज्ञ ओथेनियो आबेल यांनी तो १९१४ साली मांडला.

तर्क मोहात पाडणारा आहे, यात शंका नाही. हिमयुगात सिसिली बेटावर खुजे हत्ती होते. सिराक्यूजजवळच्या स्पिनागालो गुहेत त्यांचे सांगाडे मिळाले. पूर्ण वाढलेला हत्ती जेमतेम मीटरभर उंचीचा. त्याची कवटी समोरून पाहिली की ऐन मध्यावर एक मोठं भोक दिसतं. ते नाकाचं, जिथून सोंड निघते. डोळ्यांच्या खोबणी कडेला असतात, मागून हाडाने बंदही नसतात, त्यामुळे सहज नजरेत भरत नाहीत. हत्ती कधीच न पाहिलेल्या माणसाला ते भोक डोळ्याचं वाटू शकतं.

पण अशी कवटी पाहून कुणी तिला सायक्लोप्सची म्हटल्याची एकही नोंद प्राचीन ग्रीक साहित्यात नाही. महाकवी होमर तर सायक्लोप्सच्या गोष्टीत सिसिलीचं नावसुद्धा घेत नाही. या गोष्टीतल्या पॉलिफीमस या नरभक्षक, मेंढपाळ सायक्लोप्सचं घर सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या परिसरात नेऊन ठेवलं ते नंतरच्या लेखकांनी. त्याला एकच डोळा होता, असंही होमर कुठे उघड सांगत नाही. गोष्टीचा नायक ओडिसियसने तापवलेला खुंटा खुपसला आणि तो आंधळा झाला, यावरून ते आपण समजून घेतो.

सगळे सायक्लोप्स नरभक्षक, हाही गैरसमजच. ग्रीक कवी हेसिअडचे ब्राँटीस, स्टेरोपीस आणि आर्जीस हे कसबी कारागीर आहेत. झ्यूसचं वज्र त्यांनीच घडवलं. टिरिन्स या प्राचीन ग्रीक नगराच्या तटाचे अजस्र दगडही सायक्लोप्सनी रचले, अशी ग्रीकांची समजूत होती.

एकच डोळा घेऊन जन्मणारी बाळं किंवा कोकरं हेच मूळ, असंही काही जण म्हणतात. हा दोष खरा आहे, पण त्यात नाक असलंच तर बहुधा नळीसारखं डोळ्याच्या वर येतं आणि जीव फार काळ जगत नाही. त्यातून धिप्पाड धनगर कसा उभा राहणार?

मला लोककथेची बाजू अधिक भक्कम वाटते. विल्हेल्म ग्रिम यांनी १८५७ साली पॉलिफीमसच्या गोष्टीची वेगवेगळ्या देशांतली रूपं एकत्र मांडली. ओघुझ तुर्कांच्या कथेत टेपेगोझ नावाचा एकडोळ्या राक्षस आहे. नायक बासात त्याचा डोळा फोडतो आणि मेंढ्याचं कातडं पांघरून गुहेतून निसटतो. काकेशसच्या डोंगरांत आणि बास्क मुलखातही अशा गोष्टी सांगितल्या जातात. सिसिलीतली कवटी एखाद्या गावकऱ्याच्या कल्पनेला चालना देऊन गेली असेलही. पण मेंढरांच्या आडून निसटण्याची ही युक्ती कवटीतून निघत नाही.